मोर्चाला गावाने दिलेलं उत्तर : तुमचे अनुभव

द्वेष पसरवणाऱ्यांना एखाद्या छोट्या गावाने परतवून लावलं की बातमी येते आणि विरते. गावकरी ते प्रकरण पुढे कसं सांगतात? कुणी अशा ठिकाणी राहिलं असेल तर लिहा. मीच सुरुवात करते.

मी जर्मनीत बायरॉइटला राहते. घरमालकीणबाई मूळच्या वून्झीडेलच्या. बव्हेरियातलं नऊ-दहा हजार वस्तीचं गाव. हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस याची कबर तिथे होती, म्हणून निओ-नाझींचे मोर्चे. बंदी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, २०११ मध्ये कबरही हलवली. तरी मंडळी हजर! मग नोव्हेंबर २०१४ मध्ये गावाने शक्कल लढवली : मोर्चा जितके मीटर चालेल, तितके गुणिले १० युरो देणगी, तीही नाझी टोळी सोडू पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला. रस्त्यावर अंतराच्या खुणा, वाटेत खायला केळी, हिटलरच्या पुस्तकाच्या नावावर कोटी केलेला फलक. शेवटी १०,००० युरो जमवून दिल्याबद्दल त्यांचेच आभार! बाई मात्र हे हसत सांगत नाहीत. ‘त्याआधी आम्ही खिडक्या लावून बसायचो, ते कुणी विचारत नाही,’ म्हणतात.

*नॉर्थ कॅरोलायनाहून :*
इकडचा, अमेरिकेतला किस्सा बंदुकांचा. रॉबसन काउंटीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने लम्बी या मूलनिवासी लोकांना धमकवायला क्रॉस जाळले आणि १८ जानेवारी १९५८ ला मॅक्सटनजवळ हेज पाँडला सभा ठेवली. लम्बी शेकड्यांनी आले, क्लॅनवाले मूठभर. सभेतला एकुलता दिवा फुटला, गोळ्या झडल्या, पण मेलं कुणी नाही. पुढारी जेम्स कोल बायकोला टाकून दलदलीत पळाला. तिची गाडी चरात अडकली, ती लम्बींनीच ढकलून काढली. माझ्या लम्बी सहकाऱ्याने आधी ही गाडीच सांगितली, दिवा नंतर.

*त्सिटाउहून, विद्यार्थी :*
जवळच ओस्ट्रिट्स, हेही जर्मनीतलंच छोटं गाव. २०१९ च्या नाझी जलशात दारूबंदी होती, पोलिसांनी ४,००० लिटरहून जास्त बिअर जप्त केली. उरलेली त्यांना मिळू नये म्हणून गावकऱ्यांनी सुपरमार्केटमधली शंभरावर क्रेट स्वतःच विकत घेतली. पुढे ती कुणी संपवली, एवढंच विचारायचं राहिलं.

*पुण्याहून :*
छान. पण वून्झीडेलचे मोर्चे थांबले का?

*धागाकर्ती :*
नाही, नंतरही निघाले. बाईंची बहीण तिथेच असते. आता त्या दिवशी खिडकी सताड उघडी ठेवते. नोव्हेंबरच्या थंडीत! बाईंना हे अजिबात पटत नाही.