अखाजीच्या आत प्रोजेक्टर घ्यायचाय, हॉलला पश्चिमेची खिडकी आहे, कोणता घेऊ?

पाचोरेकर

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलाय पण सगळं एकदाच लिहितो, म्हणजे परत परत विचारायचा त्रास नको. अखाजीला (अक्षय तृतीयेला) आमच्या तिघी बहिणी माहेरी येतात, भाचे-भाच्या मिळून घरात चौदा-पंधरा जण होतात आणि ३२ इंची टीव्हीसमोर सगळे दाटीवाटीने बसतात, मागच्याला काही दिसत नाही. आईला आता लांबचं दिसायला त्रास होतो, ती टीव्हीपासून चार फुटावर खुर्ची ओढून कीर्तन बघते. म्हणून मनात आलं की मोठा पडदाच करावा, स्मार्ट प्रोजेक्टर म्हणतात तो.

हॉल ११ फूट रुंद, १५ फूट लांब. रुंदीची एक भिंत पूर्ण मोकळी आहे, पांढरा डिस्टेंपर. पश्चिमेला मोठी खिडकी, चार वाजल्यापासून ऊन सरळ आत येतं. बजेट २५ हजार, ताणून २८. ऑनलाइन पाहिलं तर ८ हजारालाही प्रोजेक्टर आहे त्यावर ९००० ल्युमेन लिहिलंय, आणि २५ हजारावाल्यावर फक्त ५०० लिहिलंय. हे काय गौडबंगाल आहे? शिवाय छताला टांगायचा का खाली ठेवायचा? संध्याकाळी मॅच, रात्री पिक्चर, दुपारी आईचं कीर्तन, एवढाच वापर. ज्यांनी घरी वापरलाय त्यांनी कृपया सांगा.

भुसावळ_मंडप_साउंड

भाऊ, मी लग्नात-कार्यक्रमात पडदे-प्रोजेक्टर भाड्याने देतो, १२ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी ल्युमेनचं, म्हणजे उजेडाच्या मापाचं बघू कारण सगळी फसगत तिथेच होते. तुम्ही २५ हजारवाल्यावर पाहिलेले ५०० हे अँसी (ANSI) ल्युमेन असणार. ते मोजायची ठरलेली रीत आहे, पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येक भागावर मीटर धरतात नी सरासरी काढतात. ८ हजारवाल्यावर जे ९००० आहे ते नुसतं 'ल्युमेन', ते कशाचं मोजलं हे कोणी सांगत नाही, आतल्या एलईडीचं धरलं का काय धरलं देव जाणे, पडद्यावर त्यातले दोनशे-अडीचशे बी पोचत नाहीत. त्यामुळे खोक्यावर अँसी हा शब्द नसला तर तो आकडा वाचूच नका.

आता तुम्हाला किती लागतात ते पाहा. १०० इंची पडदा (हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप) म्हणजे रुंदी सव्वासात फूट, उंची चार फूट एक इंच, क्षेत्रफळ झालं साधारण ३० चौरस फूट. थेटरात पडद्यावरच्या उजेडाचं जे माप धरतात ते १६ फूट-लँबर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याला दर चौरस फुटामागे १६ ल्युमेन. ३० गुणिले १६ झाले ४८०. म्हणून खोली पूर्ण अंधारी असेल तर ५०० अँसीचा प्रोजेक्टर १०० इंचावर थेटरासारखा दिसतो, त्यात काही खोटं नाही. पण तोच तुम्ही हौसेने १२० इंचावर नेला की क्षेत्रफळ ४३ फूट होतं आणि दर फुटाला ११-१२ च उरतात, चित्र मळकं दिसायला लागतं. लोक इथे चुकतात, पडदा मोठा करत जातात नी मग प्रोजेक्टरला नावं ठेवतात.

आणि ती पश्चिमेची खिडकी! प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही हो, काळा म्हणजे त्या जागी उजेड न टाकणं, मग भिंतीवर उन्हाचा उजेड आधीच पडलेला असेल तर काळं कुठून येणार? तुमच्या बजेटात दुपारी चारच्या उन्हाशी भांडणारा प्रोजेक्टर मिळत नाही. त्यामुळे २८ पैकी दोन-अडीच हजार आधी खिडकीच्या जाड पडद्यावर घाला, दुहेरी अस्तराचा, दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त रुंद. हे मी गिऱ्हाइकाला पहिलं सांगतो. आधी खोली, मग मशीन.

केळीवाला_रावेर

वरच्या दादांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं, मी त्यातूनच गेलोय. मागच्या वर्षी असाच ८-९ हजाराचा घेतला, खोक्यावर ४के लिहिलेलं. नंतर कळलं की ४के 'सपोर्टेड' म्हणजे ४के चा व्हिडिओ तो घेतो फक्त, दाखवतो मात्र त्याच्या आतल्या पॅनेलच्या (ज्यावर चित्र तयार होतं त्या काचेच्या) हिशोबाने, आणि आतलं पॅनेल होतं ७२०पी, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी. तुम्ही 'नेटिव्ह रिझोल्यूशन' (पॅनेलवरचे खरे ठिपके) हे शब्द शोधा, तिथे १९२० बाय १०८० लिहिलेलं पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मला खरा त्रास झाला तो मात्र वेगळाच. आमचं घर मळ्यात, रस्ता कच्चा, एक ट्रॅक्टर गेला की धुळीचा लोट घरात. चार महिन्यांत पडद्याच्या मधोमध एक काळसर डाग आला, वाटीएवढा, धुरकट. लेन्स पुसली तरी जाईना, मुलीला तर प्रत्येक पिक्चरमध्ये नटीच्या गालावर तोच दिसायचा. तो डाग आत पॅनेलवर बसलेल्या धुळीचा होता. दुकानदाराने हात वर केले, मुदत संपली म्हणाला. शेवटी एका पोऱ्याकडून उघडून घेतला, त्याने हवेच्या पंपाने फुंकून काढला, दोन महिन्यांनी परत आला. म्हणून आपल्याकडे घ्यायचा तर 'सील्ड ऑप्टिकल इंजिन' वालाच घ्या, म्हणजे भिंगापासून पॅनेलपर्यंतचा रस्ता बंद असतो, पंख्याची हवा तिथे जात नाही. मले हे आधी कोणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

धुळ्याची_मास्तरीण

पाचोरेकर दादा, शाळेत आणि घरी दोन्हीकडे वापरते म्हणून लिहिते. 'स्मार्ट' या शब्दाला भुलू नका. बऱ्याच स्वस्त प्रोजेक्टरमध्ये साधं अँड्रॉइड टाकलेलं असतं, त्यात यूट्यूब चालतं पण नेटफ्लिक्स एकतर उघडतच नाही किंवा उघडलं तरी ४८०पी चं धुरकट चित्र येतं, कारण त्या कंपन्या सर्टिफाइड मशीनलाच एचडी देतात, त्याला वाइडवाइन एल१ म्हणतात. तेव्हा लायसन्सवालं गूगल टीव्ही असलेला घ्या नाहीतर बिनस्मार्ट चांगला प्रोजेक्टर घेऊन त्याला फायर टीव्ही स्टिक लावा, मी तेच केलंय. स्टिकला वीज मात्र तिच्या स्वतःच्या ॲडाप्टरने द्या, प्रोजेक्टरच्या यूएसबीवर ती मधेच बंद पडते. तुमच्याकडे डिशचा बॉक्सही असेल, म्हणजे एचडीएमआय पोर्ट (बॉक्स-स्टिक जोडायची खाच) दोन तरी हवेत, हे खरेदीआधी मोजा.

आवाजाबद्दल कुणी बोललं नाही. आतले स्पीकर ५-१० वॅटचे असतात, पंधरा माणसं आणि कूलर सुरू असताना काही ऐकू येत नाही. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर आवाज ओठांच्या मागून येतो, मॅचमध्ये एकवेळ चालतं, आईंच्या कीर्तनात बुवांचं तोंड मिटल्यावर शब्द ऐकू येतात, फार विचित्र वाटतं. घरात जुनं होम थिएटर असेल तर वायरने जोडा, ऑक्स (हेडफोनसारखी गोल पिन) नाहीतर एचडीएमआय एआरसी (आवाज बाहेर देणारा एचडीएमआय पोर्ट).

दुकानात तपासायचं असेल तर पिक्चर लावून बघू नका, डेमोचे व्हिडिओ सगळ्यांवरच छान दिसतात. माझ्या लॅपटॉपवर मी वर्गाच्या हजेरीची शीट नेली होती, बारीक अक्षरं, चारी कोपरे भरलेले. मधलं अक्षर स्पष्ट आणि उजव्या खालच्या कोपऱ्यातलं 'ष' आणि 'प' सारखंच दिसायला लागलं की समजायचं लेन्स कमकुवत आहे. तीन प्रोजेक्टर त्या एका शीटवर बाद झाले.

आणि एक मनापासून सांगते, आईंसाठी दुपारचा टीव्ही काढून टाकू नका. दुपारी खोली अंधारी करून बसणं त्यांना आवडणार नाही, उन्हाळ्यात तर नाहीच.

पाचोरेकर

ताई, दादा, मनापासून आभार. टीव्ही राहू देतो मग. अजून एक, छताचं कोणी बोललं नाही. मिस्त्री म्हणतोय स्लॅबला हुक मारून टांगून देतो, दिसायलाही चांगलं. आमचा स्लॅब वरून उघडाच आहे, वर काही बांधकाम नाही.

शहाद्याचा_भाचा

टांगू नका!! उघड्या स्लॅबखाली तर अजिबात नको. मी वरच्या खोलीत असाच टांगला होता, स्लॅबपासून जेमतेम सहा इंच खाली. हिवाळ्यात काही नाही, मस्त चालला. वैशाखात रात्री नऊ वाजता लावला, वीस-पंचवीस मिनिटांत पंखा ओरडायला लागला, पडद्यावर तापमानाची सूचना आली आणि बंद. दुसऱ्या दिवशी तेच. मग माहितीपुस्तिका काढून वाचली तर वापराचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं. आता आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि गरम हवा तर वरच जमते. म्हणजे घरातली सगळ्यात वाईट जागा मी त्याला दिली होती. खोलीत मधे थर्मामीटर ३६ दाखवायचा, स्टुलावर चढून छतापाशी धरला तर ४१!

आता भिंतीतल्या फळीवर ठेवतो, साडेतीन फुटावर, मागे-बाजूला वीतभर जागा मोकळी. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. फक्त कूलरचा झोत सरळ त्याच्यावर येऊ देऊ नका, ओली हवा आणि धूळ मिळून जाळीवर चिखलासारखा थर बसतो, तो नखाने काढावा लागला मला. कूलर माणसांकडे तोंड करून ठेवा, खिडकीला फट ठेवा म्हणजे दमटपणा बाहेर जातो.

आणखी, तापला की फोकस हलतो, प्लॅस्टिकच्या भिंगाचं तसंच असतं. लावल्या लावल्या फोकस करत बसू नका, पंधरा मिनिटं चालू द्या, बहिणींचा चहा होऊ द्या, मग एकदाच करा.

भुसावळ_मंडप_साउंड

शहाद्याचे भाऊ बरोबर बोलले. आमचे प्रोजेक्टर हॉलच्या छताला टांगतो पण तिथे एसी असतो नी छत १८ फुटावर असतं, घरात ते करू नये उन्हाळी मुलखात.

फळी कुठे मारायची ते सांगतो. माहितीत थ्रो रेशो म्हणून आकडा असतो, समजा १.२. पडद्याची रुंदी सव्वासात फूट गुणिले १.२ म्हणजे पावणेनऊ फूट. भिंतीपासून एवढ्या अंतरावर भिंगाचं तोंड आलं पाहिजे. तुमचा हॉल १५ फूट, म्हणजे प्रोजेक्टर खोलीच्या मधोमध येतो, मागच्या भिंतीला नाही! पंधरा माणसं असताना कोणाचं तरी डोकं मधे येणार, आणि लहान पोरं भिंगात डोकावतात तेही बरं नाही, डोळ्याला वाईट. म्हणून बाजूच्या भिंतीवर फळी मारून तिरका ठेवायचा मोह होईल, कीस्टोनने चौकोन सरळ होतो असं दुकानदार सांगेल. होतो सरळ, पण आतल्या आत पिक्सेल कापून होतो, धार जाते, उजेड बी कमी होतो. थोडा एक-दोन टक्के ठीक. जास्त नको.

माझं मत, तीन फुटी उंच बारीक स्टूल करून घ्या सुताराकडून, मधोमध उभं करायचं, पोरं त्याच्या पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे खुर्चीवर. काम झालं की स्टूल कोपऱ्यात. वायर तेवढी चिकटपट्टीने फरशीला दाबा, नाहीतर पोरं अडखळून सगळंच खाली.

वीज गेली तर काय, हे बी विचारून ठेवतो कारण वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडे हमखास जाते. एलईडीवाला एवढ्या आकाराचा प्रोजेक्टर शंभर-दीडशे वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, फक्त साइन वेव्ह इन्व्हर्टर असू द्या. वायफायचा राउटर पण त्याच लाइनवर घ्या, लोक ते विसरतात. जुना दिव्यावाला कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्याचा दिवा तीन-चार हजार तासात बदलावा लागतो आणि गरम असताना वीज गेली की थंड व्हायला पंखा मिळत नाही, दिव्याचं आयुष्य तिथेच कमी होतं.

खरेदीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, कोणी जुन्या दराचं कोटेशन दिलं तर बघून घ्या.

पाचोरेकर

मंडळी, काल रात्री एक प्रयोग केला तो सांगतो. ओळखीच्या एका सरांकडून त्यांचा ५०० अँसीवाला एका रात्रीपुरता आणला. खिडकीला दोन गोधड्या खिळ्याला अडकवल्या, प्रोजेक्टर पाण्याच्या पिंपावर पाट टाकून त्यावर ठेवला, टेपने पावणेनऊ फूट मोजले. गोधडी थोडी सरकवली की रस्त्यावरच्या दिव्याचा एक पट्टा भिंतीवर यायचा आणि तेवढ्या पट्ट्यात चित्र धुतल्यासारखं दिसायचं, बाकी सगळं झकास. ९० इंचापर्यंत रंग अगदी भरून दिसत होते, १०० ला ठीक, त्यापुढे भुसावळच्या दादांनी सांगितलं तसंच मळकं.

आईला समोर बसवलं. नेहमी चार फुटावर बसणारी ती, दहा फुटावरून बुवांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे मणी मोजायला लागली. मला तेव्हाच कळलं की घ्यायचाच.

तर ठरलं असं: नेटिव्ह १०८०पी, ५०० च्या वर अँसी, सील्ड इंजिन, दोन एचडीएमआय, पडदा ९० इंच. हजेरीची शीट मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर घेऊन शनिवारी जळगावला जातोय. सुताराला स्टूल सांगितलं. टेलर म्हणाला अस्तराचं कापड साडेसात मीटर लागेल, ते आज आणतो. रावेरच्या दादा, सील्ड आहे का नाही हे खोक्यावर लिहिलेलं असतं का दुकानदाराला विचारावं लागतं?

केळीवाला_रावेर

खोक्यावर असलं तर 'सील्ड' किंवा 'डस्टप्रूफ ऑप्टिकल इंजिन' असं लिहितात. नसलं तर हवेच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, आतलं भिंग आणि पॅनेल उघडं दिसलं तर सोडून द्या. आणि बिलावर मॉडेलचं नाव पूर्ण लिहून घ्या, परत करायची मुदत किती दिवस आहे ते पण त्याच बिलावर. घरी आणल्या आणल्या पहिल्या दिवशी पूर्ण पांढरा फोटो आणि पूर्ण काळा फोटो लावून पाच मिनिटं नीट बघा, डाग असेल तर तेव्हाच दिसतो.