बाई आणि निसर्ग: चित्रकर्तीचं बळ की गळ्यातलं लोढणं?

रानवाट
चित्रकर्ती आना मेंदिएताची 'सिलुएता' ही कलाकृतींची मालिका पाहिल्यापासून डोक्यातून जात नाही. जन्म १९४८चा, क्युबातल्या हवानातला. १२व्या वर्षी आईवडिलांविना अमेरिकेत धाडलेली पोर. १९७३ पासून आयोवात आणि मेक्सिकोत ती माती, गवत, बर्फ, फुलं यांत स्वतःच्या देहाचा आकार उमटवत गेली. वाऱ्यापाण्याने तो पुसला जायचा, उरायचे फक्त फोटो आणि फिल्म. फ्रेंच स्त्रीवादी लेखिका फ्रान्स्वाज दोबोनने १९७४ साली 'इकोफेमिनिझम' हा शब्द दिला: जमीन ओरबाडणारी आणि बाईला ताब्यात ठेवणारी सत्ता एकच. मला ते मेंदिएताच्या मातीत दिसतं. बाईला हे नातं आतून कळतं, असं माझं ठाम मत आहे.

सडेतोड
'आतून कळतं' यालाच माझा विरोध आहे. धरतीमाता म्हणून बाईला पुजायचं आणि सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच लिहिलंय की निसर्गाशी नातं ठरतं ते कामाच्या वाटणीवरून, मालकीवरून, जातवर्गावरून. सरपणासाठी कोसभर चालणाऱ्या बाईला जंगल कळतं, कारण ते तुटलं की पायपीट तिचीच वाढते. अ‍ॅग्नेस डेनिस या चित्रकर्तीने १९८२ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी, भरावाच्या दोन एकरांत गहू पेरला आणि साडेचारशे किलोच्या वर काढला. त्या सोन्याच्या भावाच्या जमिनीवर तिने भुकेचा प्रश्न उभा केला. त्यासाठी 'बाईचा देह' लागला नाही.

डहाणू लोकल
इतक्या लांब कशाला जाता? माझं माहेर डहाणूकडचं. वारल्यांच्या लग्नात भिंतीवरचा चौक सवाशिणीच लिहितात (हो, 'लिहितात' असंच म्हणतात). गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघ, चौकात पालघट देवी, भोवती झाडं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात हीच चित्रं कागदावर आली आणि नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यांचा हात थोरच, त्याबद्दल दुमत नाही. पण भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांची नावं कुणी टिपली? निसर्गाशी नातं होतं, कलाही होती. कागद, बाजार आणि सही तेवढी त्यांच्याकडे नव्हती.

रानवाट
हे मला लागलं. 'आतून'चा हट्ट सोडते. पण मेंदिएताला देहापुरती ठेवू नका, सडेतोड. १९८०मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ए.आय.आर. या बायकांनीच चालवलेल्या गॅलरीत तिसऱ्या जगातल्या चित्रकर्तींचं प्रदर्शन भरवलं आणि अमेरिकी स्त्रीवाद मुळात गोऱ्या मध्यमवर्गाचा आहे, असं त्याच्या कॅटलॉगमध्ये लिहिलं. ज्या मातीत ती आकार उमटवत होती, ती तिच्या देशाची नव्हती. 'सिलुएता'त मला ती ताटातूटही दिसते.

सडेतोड
प्रदर्शनाचं माहीत नव्हतं. मेंदिएतापुरतं मान्य. सातबाऱ्याचं म्हणणं कायम.

डहाणू लोकल
आणि सहीचंही. पुढच्या लग्नाला गेले की चौक कुणी कुणी लिहिला ते विचारून वहीत नोंदवणार आहे.