तोतरेपणा, अडखळणं की आणखी काही? आणि ‘कधी असतं, कधी नसतं’ याला काय म्हणायचं?

कागदीघोडा

पालकांसाठी एक चारपानी पत्रक मराठीत करते आहे. विषय मुलांच्या अडखळत बोलण्याचा. शीर्षकातच गाडी अडली. ‘तोतरेपणा’ लिहिलं तर संपादकबाई म्हणाल्या, हिणवल्यासारखं वाटतं. कोणी ‘बोबडेपणा’ सुचवलं, ते तर वेगळंच प्रकरण. पण खरी अडचण पुढे आहे. पत्रकाचा मुख्य मुद्दा हा, की हे बोलणं सगळीकडे सारखं नसतं. घरी मांजराशी तासभर गप्पा मारणारं पोर शाळेत हजेरी देताना ‘हजर’च्या ‘ह’वर अडतं. एका आठवड्यात पार बिघडतं, पुढच्या आठवड्यात काही झालंच नव्हतं असं बोलतं. मूळ मजकुरात या सगळ्याला एक सुटसुटीत शब्द आहे. मी ‘परिवर्तनशीलता’ लिहिलं तर पालक पत्रकाची होडी करून पोराच्या हातात देतील. काय लिहू?

ओसरी

आधी बोबडा आणि तोतरा यांची गल्लत सोडवू. ‘र’ला ‘ल’ आणि ‘क’ला ‘त’ म्हणणारं पोर बोबडं. तोतऱ्याचे उच्चार स्वच्छ असतात, पण पहिलं अक्षर पुन्हापुन्हा येतं, लांबतं किंवा निघतच नाही. हिंदीत ‘तोतला’ म्हणजे आपला बोबडा, आणि आपल्या तोतऱ्याला ते ‘हकला’ म्हणतात. हिंदीवरून मराठी करणारे इथे हमखास घसरतात.

‘चाचरणे’ मला चालणार नाही. चाचरण्यात संकोच आहे. उसने पैसे मागताना माणूस चाचरतो, कारण मागावं की नाही हेच ठरलेलं नसतं. काय बोलायचं ते पक्कं ठाऊक आहे आणि तरी तोंडातून शब्द फुटत नाही, ही गोष्ट निराळी.

चिंचबन

‘ततपप’ कसं वाटतं? नादमय आहे, लहानांनाही कळतं.

ओसरी

साहेबांनी हिशेब विचारल्यावर ज्याची ततपप होते, त्याच्या वहीत घोळ असतो. तसंच बोबडी वळते ती वाघ दिसल्यावर. आपले बहुतेक वाक्प्रचार भीतीच्या किंवा लबाडीच्या दारातून आत आलेत. पत्रकात एकही नको.

मधलाफाटा

मी लहानपणापासून अडखळतो, तेव्हा थोडं आतल्या बाजूचं सांगतो. आमच्यात कोणी ‘मला तोतरेपणा आहे’ असं म्हणत नाही. ‘अडकतं’ म्हणतो. ‘फोनवर फार अडकतं’, ‘आज जरा जास्त आहे’, ‘परवापासून मोकळं आहे’. हवेबद्दल बोलावं तसं.

कॉलेजात असताना स्वारगेटहून बस पकडायचो, उतरायचं पद्मावतीला. कंडक्टर समोर उभा, हातात तिकिटांची चळत, मागचे लोक ढकलतायत, आणि ‘प’साठी मिटलेले ओठ उघडायला तयार नाहीत. मग ‘एक कात्रज’. जास्तीचे पैसे गेले तरी बेहत्तर. त्याच बसमध्ये शेजारी मित्र असला की त्याला ‘अरे पद्मावती आली, चल’ हे विनासायास सांगायचो. अक्षर तेच, ओठ तेच.

शब्द बदलायची सवय इतकी मुरते की कळतही नाही. ‘पाहिजे’ला ‘हवंय’, ‘परवा’ला ‘दोन दिवसांनी’. म्हणून कित्येकांना मी अडखळतो हे माहीतच नाही. त्यांच्या लेखी मी फार विचार करून बोलणारा सभ्य गृहस्थ. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. ‘नाव विसरलात काय?’ हा विनोद ज्याला त्याला आपणच पहिल्यांदा केला असं वाटतं.

आणि गणपतीत मी आरती म्हणायचो खणखणीत, ‘सुखकर्ता’पासून मंत्रपुष्पांजलीपर्यंत. वर्गात सगळ्यांबरोबर पाढेही. त्यामुळे आमच्या एका मास्तरांचा ठाम समज झाला होता की उत्तर येत नसलं की हा नाटक करतो. तुमच्या त्या सुटसुटीत शब्दाचा अर्थ पालकांना नाही कळला, तर मुलाच्या वाट्याला येतं ते हे.

खलबत्ता

आमची धाकटी जाऊ अशीच अडखळते. तिच्या लग्नात उखाण्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. ‘भाजीत भाजी मेथीची’पासून सुरू केलं, ठेक्यात तीन ओळी धडाधड म्हणाली, आणि शेवटी नवऱ्याच्या नावाशी आल्यावर थांबली ती थांबलीच. बायका हसल्या, लाजली म्हणाल्या. ती नंतर मला म्हणाली, बरं झालं वहिनी, लाजण्यावर निभावलं.

स्वरयंत्र

मी वाचा-उपचार करते. उखाण्याचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे, कारण त्यात दोन्ही बाजू एकत्र आल्या. ठेका आणि पाठ केलेला मजकूर मदत करतात; नाव, आणि तेही सगळे कान टवकारून वाट पाहत असताना, अडवतं.

गाताना, अनेकांनी एका सुरात बोलताना, ठेका धरून, कुजबुजत, पाळीव जनावराशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलताना बहुतेकांचं अडखळणं खूप कमी होतं. नाटकात दुसऱ्या कुणाच्या ढबीत बोलतानाही. एकच उतारा लागोपाठ वाचायला दिला तर पाचव्या वाचनापर्यंत ते सरासरी निम्म्यावर येतं, आणि उरलेलं पुष्कळदा त्याच त्या शब्दांवर होतं. उलट फोन, वरिष्ठ माणूस, घाई, मोठा श्रोतृवर्ग यांनी वाढतं. वाक्याच्या सुरुवातीला आणि लांब शब्दांवर जास्त. पण हे झालं सर्वसाधारण. फोनवर बरं आणि समोरासमोर अवघड, असेही लोक माझ्याकडे येतात.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये २४ प्रौढांवरचा एक प्रयोग छापला. आपलं बोलणं कोणी ऐकत नाही अशी त्यांची खात्री पटवून संगणकावरचं अवघड काम दिलं. काम करताना ते स्वतःशी मोठ्याने बोलले, आणि त्या बोलण्यात अडखळणं जवळजवळ सापडलंच नाही. तेच शब्द नंतर ऐकणाऱ्यांसमोर म्हणायला लावल्यावर ते परतलं.

यावरून कोणी ‘म्हणजे सगळं मनाचं’ असा निष्कर्ष काढू नये. अडखळण्यामागे आनुवंशिकता आहे, बोलण्याच्या हालचाली मेंदूत वेळेवर जुळण्याचा प्रश्न आहे. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते, आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांचं पुढे आपोआप जातं. प्रौढांत राहतं ते साधारण शंभरात एकाचं. भीतीने ते उपजत नाही. भीती, घाई, समोरचा माणूस यांनी त्याचं प्रमाण हलतं. तोतऱ्याची नक्कल केली की आपणही तोतरे होतो, हे तर सपशेल खोटं. (वेखंड उगाळून चाटवणाऱ्या आज्यांशी मी वाद घालणं सोडलंय.)

एक गोष्ट पत्रकात जरूर घाला. दवाखान्यात आलेलं मूल माझ्यासमोर घडाघडा बोलतं आणि आई ओशाळून सांगते, ‘घरी फार अडकतो हो!’ मला ते खरंच वाटतं. म्हणून घरच्या बोलण्याचं, भावंडांशी भांडतानाचं, जेवतानाचं रेकॉर्डिंग आणायला सांगते. एका भेटीवरून ठरवता येत नाही.

जुनीपोथी

शब्दांकडे परत येऊ. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वाताने होणाऱ्या वाग्दोषांत मूक, मिन्मिन आणि गद्गद असे तिघे येतात. मिन्मिन म्हणजे नाकात बोलणारा, गद्गद म्हणजे अडखळणारा. तो गद्गद मराठीत येऊन भक्तिरसात बुडाला. आता कंठ गद्गद होतो तो कीर्तनात किंवा लेक सासरी निघताना. शास्त्राला तो परत मिळेल असं दिसत नाही.

शब्दावरून एक मोठा घोळ अमेरिकेत झाला, तोही सांगतो. आयोवाचे वेंडेल जॉन्सन हे या विषयातले मोठे नाव, स्वतः अडखळणारे. १९४४ मध्ये त्यांनी लिहिलं की तिथल्या आदिवासींच्या भाषेत याला शब्दच नाही आणि त्यांच्यात कोणी अडखळतही नाही. त्यांचं म्हणणं असं, की मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबाप नाव ठेवतात, तिथून दुखणं सुरू होतं. १९८३ मध्ये इतरांनी त्याच आदिवासींकडे, म्हणजे बॅनक-शोशोनी लोकांकडे, नीट चौकशी केली, तर शब्दही निघाले आणि अडखळणारेही. मधल्या काळात असंख्य आयांनी दोष स्वतःकडे घेतला असणार.

चिंचबन

म्हणजे ‘तोतरा’ म्हटल्याने कोणी तोतरा होत नाही. मग तोच शब्द ठेवायला हरकत काय?

मधलाफाटा

होत नाही, पण राहतो. ‘तोतरा’ म्हटलं की सकाळ, संध्याकाळ, आरतीत, झोपेत मी तोतराच. ‘अडखळतो’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कधी? कुणासमोर? पत्रकाला नेमका हाच प्रश्न हवा आहे. क्रियापदाला काळवेळ लावता येते.

ओसरी

पण अडखळतो सगळेच, पायाने आणि जिभेनेही. नुसत्या ‘अडखळण्या’ने नेमकेपणा जातो. ‘बोलताना शब्द अडकणे’ असं एकदा सविस्तर सांगून पुढे ‘अडखळणे’ वापरा. आणि चढउताराला नाम शोधूच नका. मराठी माणूस ‘कमीजास्त होतं’ म्हणतो, तेच लिहा.

कागदीघोडा

असं करते आहे. शीर्षक : ‘मूल बोलताना अडखळतं तेव्हा’. पहिलं वाक्य : ‘अडखळणं रोज, सगळीकडे आणि सगळ्यांसमोर सारखं नसतं, ते कमीजास्त होतं. घरी सलग बोलणारं मूल शाळेत अडखळलं, तर ते नाटक करत नसतं.’

स्वरयंत्र

छान. ‘घरी’ आणि ‘शाळेत’ची अदलाबदल करून अजून एक वाक्य घाला. काही मुलं शाळेत नीट बोलतात आणि घरी आल्यावर अडखळतात, त्यांच्या आईवडिलांना आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं.

मधलाफाटा

‘तोतरेपणा’ हा शब्दही आत कुठेतरी एकदा असू द्या. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधणारा बाप तोच टाइप करतो.