बी विंग ग्रुप: शनिवारचा टॅटू, रविवारचं शिबिर

वर्षा (४०३): नमस्कार. ग्रुपवर टाकू की नको, कालपासून विचार करतेय. सईने शनिवारी खारला टॅटूची अपॉइंटमेंट घेतली आहे. ऍडव्हान्सही भरून मोकळी झाली. १९ पूर्ण आहे, तेव्हा नाही म्हणून उपयोग नाही. आधी काय बघायचं, किती दुखतं, ताप येतो का? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. टोमणे नकोत, प्लीज.

मोहिते काका (५०१): टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. रविवारी आपलं शिबिर आहे. सईचं नाव यादीत आहे. नोंद घ्यावी. 🙏

रोहन (७०१): काकू, टेन्शन घेऊ नका. माझे दोन आहेत. आधीच्या रात्री नीट झोप, सकाळी पोटभर जेवण, पाणी भरपूर. रिकाम्या पोटी गेलं की चक्कर येते, माझ्यासमोर एक मुलगा खुर्चीतच आडवा झाला होता. आदल्या दिवशी दारू अजिबात नको, रक्त जास्त येतं आणि रंग नीट बसत नाही.

देशपांडे (२०२): १९ वर्षांच्या मुलीला हे सांगताय? ग्रुपवर लहान मुलांचेही फोन आहेत.

रोहन (७०१): काका, नियम सांगितला. सई पिते असं म्हटलेलं नाही.

देशपांडे (२०२): टाकीच्या सफाईचा हिशोब मागितला की "ग्रुप फक्त कामासाठी". आणि हे चालतं. छान.

सेक्रेटरी (३०४): देशपांडे साहेब, हिशोब जिन्यात लावला आहे. २ महिने झाले.

देशपांडे (२०२): जिन्यातली ट्यूबही २ महिने बंद आहे.

लता सिस्टर (१०४): ड्युटीवरून आत्ताच आले. वर्षा, कुठे काढणार आणि काय काढणार?

वर्षा (४०३): डाव्या हाताच्या आतल्या बाजूला. सासूबाईंच्या हातावर गोंदलेली तुळस होती ना, तीच. खाली त्यांचं नाव, इंदिरा.

कमलआजी (१०१): इंदूची तुळस मला आठवते. आम्ही दोघींनी जत्रेत गोंदून घेतलं होतं. काजळ आणि सुई. हात सुजला होता, आईने हळद लावली.

लता सिस्टर (१०४): आजी, ती एकच सुई रांगेतल्या सगळ्या बायकांच्या हातात जायची. आज तसं कुठे होत असेल तर पोरीने तिथून उठून यावं. हेपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, सगळं त्या सुईतून येऊ शकतं. हेपॅटायटिस बी चा विषाणू तर शरीराबाहेर ७ दिवस तग धरतो, वाळलेल्या डागातसुद्धा. म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगायचं. शाईच्या छोट्या टोप्याही नव्या, उरलेली शाई बाटलीत परत ओतायची नाही. हातमोजे नवे, आणि मध्ये फोन उचलला तर पुन्हा बदलायचे. सईचे हेपॅटायटिस बी चे ३ डोस झालेत का?

वर्षा (४०३): बाळ असताना झाले. कार्ड शोधते.

मोहिते काका (५०१): टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही. कृपया सर्वांनी वाचावे.

रोहन (७०१): काका, वाचलं 🙏

शिर्के सर (६०१): यंत्राने गोंदण्याचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली याने १८९१ साली घेतलं. एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून त्याला ते सुचलं. माहितीसाठी.

देशपांडे (२०२): सर, लिफ्टचं पेटंट कोणी घेतलं तेही सांगा, आपली बंद का असते ते कळेल.

सेक्रेटरी (३०४): लिफ्टवाला उद्या येतोय.

शिर्के सर (६०१): एक कामाचं सांगतो. नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्यावं. काढणाऱ्याला मराठी वाचता येईलच असं नाही, तो चित्र म्हणून उतरवतो. इंदिरामध्ये इ आणि दि दोन्ही ऱ्हस्व. दुकानात लिहिलेली "आइ" मी एका हातावर पाहिली आहे, पुसता येत नाही. मी लिहून देतो, सईला पाठवा.

रोहन (७०१): सरांचं शंभर टक्के बरोबर. आधी केस काढतात, जागा पुसतात, मग स्टेन्सिल चिकटवतात. तो निळा छाप वाळला की आरशात बघायचं, फोटो काढून घरी पाठवायचा. वाकडा वाटला तर पुसून पुन्हा लावायला सांगायचं, दोनदा, तीनदा, लाजायचं नाही. मशीन सुरू झाल्यावर बोलून काही होत नाही. दुखण्याचं म्हणाल तर हाताची आतली बाजू सोसते. बरगडी, कोपर, मनगटाचं हाड, तिथे जीव जातो. पहिल्या १० मिनिटांत अंग चोरलं जातं, मग सवय होते.

पवार वहिनी (६०२): आमचा ओंकार पण हट्ट धरून बसलाय, आणि एसएससी जीडीचा, म्हणजे निमलष्करी दलातल्या शिपाई भरतीचा, फॉर्मही भरायचाय. चालतं का?

रोहन (७०१): वहिनी, उजव्या हातावर नको, सलामाचा हात आहे. डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, त्यातही त्या भागाच्या पावपटीपेक्षा लहान, आणि धार्मिक चिन्ह किंवा नाव. जाहिरातीत वैद्यकीय भाग असतो, तो आधी वाचायला लावा. भरती झाल्यावर काढला तर अजून बरं.

पवार वहिनी (६०२): हेच मी सांगते तर ऐकत नाही. हा मेसेज त्याला दाखवते.

देशपांडे (२०२): आमच्या काळी आईवडिलांनी नाही म्हटलं की विषय संपायचा.

वर्षा (४०३): देशपांडे भाऊ, टोमणे नकोत असं पहिल्याच मेसेजात लिहिलं होतं.

देशपांडे (२०२): सर्वसाधारण बोललो. आपण मनाला लावून घेऊ नये.

वर्षा (४०३): तिच्या आजीला जाऊन वर्ष होईल. कशासाठी काढतेय ते मला कळतं. सुरक्षित व्हावं एवढंच म्हणणं आहे.

सई (४०३): आई!! ग्रुपवर??

सई (४०३): ठीक आहे, आता सगळ्यांना कळलंच आहे तर विचारते. बधिर करणारं क्रीम घरूनच लावून जाऊ का? आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला लोकलने गेलं तर चालेल?

लता सिस्टर (१०४): क्रीम मनाने नाही. त्यांना विचारूनच, आणि थर देऊन प्लास्टिक गुंडाळून तासन्‌तास तर मुळीच नाही, ते औषध अंगात भिनतं. लोकलचं म्हणशील तर पहिले २-३ दिवस गर्दी टाळ. ती उघडी जखम असते. सुई कातडीच्या दुसऱ्या थरापर्यंत, दीड-दोन मिलिमीटर आत जाते. कोणाची बॅग घासली, घामाचा दांडा लागला, की झालं. सैल सुती बाही घाल.

रोहन (७०१): आणि पावसाळा आहे. साचलेल्या पाण्यातून हात भिजवत यायचं नाही. आंघोळ चालते, पोहणं आणि समुद्र २-३ आठवडे बंद. हलक्या साबणाने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, सांगतील ते मलम अगदी पातळ. ४-५ दिवसांनी खाज सुटेल, पापुद्रे निघतील. खरवडलंस तर रंग निघून तिथे पांढरे ठिपके राहतात. आणि पथकात यंदा ढोल घेऊ नकोस, ताशाही नको, ध्वज धर.

सई (४०३): ध्वज?? दादा, दोन महिने सराव केलाय.

लता सिस्टर (१०४): सई, एक विचारते. दहावीनंतर कानाच्या वर टोचलं होतंस, तिथे गाठ आली होती ना?

सई (४०३): हो. अजून आहे थोडी.

लता सिस्टर (१०४): वाढली का? टोचल्या जागेच्या बाहेर पसरली?

सई (४०३): थोडी पसरलीय बहुतेक. केसांमुळे दिसत नाही.

वर्षा (४०३): हे मला का नाही सांगितलंस?

लता सिस्टर (१०४): वर्षा, थांब, तिला ओरडू नकोस. सई, काही जणांच्या कातडीला जखम भरताना जास्तीचं मांस धरायची सवय असते, केलॉइड म्हणतात. तशी कातडी असेल तर तुळशीच्या जागी उंच वळ उठतील, आणि ते घालवणं टॅटू घालवण्यापेक्षाही अवघड. साधी गाठही असू शकेल. मी फोनवर सांगणार नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. शनिवारी नको. हे मी हात जोडून सांगते.

रोहन (७०१): सिस्टर म्हणतात ते ऐक. मला हे माहीतच नव्हतं.

कमलआजी (१०१): इंदू असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. तुळस पळून जात नाही बाळा.

देशपांडे (२०२): सायन हॉस्पिटलला त्वचेची ओपीडी आहे. माझ्या मिसेसचं तिथेच बघितलं होतं, चांगलं बघतात. केसपेपरला रांग असते, लवकर जावं.

वर्षा (४०३): धन्यवाद भाऊ. मनापासून.

सई (४०३): स्टुडिओला फोन केला. ऍडव्हान्स परत देत नाहीत पण तारीख पुढे ढकलून देतात. ढकलली. डॉक्टरांनी हो म्हटलं तरच काढणार. नाही म्हटलं तर तुळस चांदीच्या पेंडंटवर करून घेईन.

मोहिते काका (५०१): म्हणजे रविवारी शिबिराला येणार? टॅटू काढल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, म्हणूनच आधी सांगत होतो.

सई (४०३): येणार काका. टॅटू काढायच्या आधी देऊन टाकते, मग वर्षभर मागू नका.

मोहिते काका (५०१): शाब्बास. वजन ४५ किलोच्या वर हवं, हिमोग्लोबिन साडेबारा. नाश्ता करून ये. पवार वहिनी, ओंकारचं नाव लिहू का?

पवार वहिनी (६०२): लिहा. दोन्ही विषय एकदमच मार्गी लागतील.

लता सिस्टर (१०४): सई, सोमवारी माझी सुट्टी आहे. सकाळी सातला निघू. कानाची गाठ कधी आली, किती वाढली ते लिहून ठेव.

वर्षा (४०३): मीही येऊ का?

लता सिस्टर (१०४): तिला विचार.

सई (४०३): ये. पण डॉक्टरांशी मी बोलणार.