नासचा 'इल्मॅटिक' ऐकला. ठोके आवडले, बाकी डोक्यावरून गेलं

द्राक्षबाग:
मी नाशिकचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रॅपची गोडी 'गली बॉय'मुळे लागली. त्या पिक्चरच्या अल्बममध्ये मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्या जोडीला एक अमेरिकन आवाज आहे, तो नास. त्याचं नाव शोधत गेलो तर जो तो एकच सांगतो, १९९४चा पहिला अल्बम ऐक. ऐकला. धड ४० मिनिटंही नाहीत, दहा ट्रॅक, त्यातला पहिला तर नुसता गोंगाट. ठोके भारीच आहेत, पण शब्द असे सुसाट जातात की लिरिक्स समोर ठेवूनही मी मागेच राहतो. एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे? खरंच विचारतोय, खोडी काढत नाहीये.

ठोकापेटी:
दहाच आहेत हे नशीब समज. हल्ली बावीस गाणी टाकतात आणि त्यातली चार ऐकवतात.

रूझवेल्ट_काकू:
अरे, त्या गोंगाटातच त्याने पत्ता दिलाय! खडखडत जाते ती वरच्या रुळांवरची सबवे. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला राहते. आमच्याकडे ७ नंबरची गाडी अशीच डोक्यावरून जाते, आणि ती जाईपर्यंत फोनवर आईला "थांब गं" म्हणावं लागतं.

बरीच वर्षं मी मॅनहॅटनला कामाला एफ गाडीने जायचे. तेव्हा आमच्या स्टेशनवरून एक्सप्रेस सुटली की थेट २१ स्ट्रीट-क्वीन्सब्रिज. नास तिथला. १९३९ची सरकारी वसाहत, विटांच्या सहामजली ९६ इमारती, तीन हजारांवर घरं. अमेरिकेत एवढी मोठी दुसरी नाही. वर पूल, पुढ्यात नदी, नदीपलीकडे मॅनहॅटनचे टॉवर, गाडीने दोन स्टेशनांवर. हा मुलगा आठवीनंतर शाळा सोडून तिथेच वाढला. जिवलग मित्र विली ग्रॅहम १९९२मध्ये गोळी लागून गेला. अल्बम आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता.

माझ्याबरोबर कामाला एक बाई होत्या, त्याच वसाहतीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. मी हा अल्बम मुलाच्या खोलीतून कानावर पडतो म्हणून कुरकुर केली, तर त्या म्हणाल्या, सुरुवातीपासून नको ऐकूस, 'वन लव्ह' लाव. तुलाही तेच सांगते. ते तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं पत्र आहे. तुला मुलगा झाला, तुझ्यासारखाच दिसतो म्हणे, पण तुझी बाई तुला पत्र का लिहीत नाही? कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या भाचीला गोळी लागली. गावाकडून काकाचं पत्र यायचं ना, त्यात म्हैस व्यायली आणि दामूअण्णा गेले हे एकाच ओळीत असायचं, तसंच. रडगाणं नाही, मोठेपणा नाही. शेवटच्या कडव्यात बाकावर बारा वर्षांचा एक पोरगा भेटतो, आधीच धंद्यात पडलेला. नास त्याला चार गोष्टी सांगतो आणि निघून जातो. पोरगा सुधारला की नाही, गाणं बोलत नाही.

शब्द पळतात हे खरं. मी एका वेळी एकच कडवं ऐकायचे, गाडीत. आणि सगळं पटतंच असं नाही. बायकांबद्दल जे बोलतो ते ऐकून मी अजूनही तोंड वाकडं करते.

जुना_कॅसेटवाला:
काकूंनी शब्दांचं सांगितलं, मी वाजवण्याचं सांगतो. शेवटचा ट्रॅक लाव. ते सूर मायकल जॅक्सनच्या 'ह्यूमन नेचर'मधले आहेत, लगेच ओळखशील. 'द वर्ल्ड इज यूअर्स'मधला पियानो जॅझवाल्या अहमद जमालचा, १९७०च्या रेकॉर्डवरून ठोके रचणाऱ्या पीट रॉकने उचललेला. मूळ तुकडा शोधून ऐक, मग तो कुठे कापलाय ते कळेल. आणि 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजते ती सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरून कापलेला तुकडा, नाही, नासचे वडील ओलू दारा स्वतः वाजवतायत. पोराच्या पहिल्या अल्बमवर जॅझवाल्या बापाची हजेरी. मला सगळ्यात तेच आवडतं.

आता एक वाकडं बोलतो. त्या काळी रॅपचा अल्बम बहुतेक एकाच निर्मात्याच्या, म्हणजे ठोके रचणाऱ्याच्या, हातचा असायचा. इथे डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे पाच जण. यांनी ते एकसंध केलं, पण पुढे प्रत्येकाला दहा निर्माते हवेसे झाले, आणि निम्मे अल्बम खिचडी झाले. दोष नासचा नाही, पण वळण इथूनच लागलं.

शिवाय तो लगेच तुफान खपला असं समजू नकोस. रॅपच्या 'द सोर्स' मासिकाने पाचपैकी पाच माइक दिले, तरी अमेरिकेत गोल्ड (पाच लाख प्रती) व्हायला १९९६ आणि प्लॅटिनम (दहा लाख) व्हायला २००१ उजाडलं.

ठोकापेटी:
खिचडीला नावं ठेवू नका.

द्राक्षबाग:
काकू, 'वन लव्ह' तीनदा ऐकलं, लिरिक्स छापून. भाचीची ओळ इतक्या सहज येते की पहिल्या वेळी मी पुढे निघून गेलो होतो. कॅसेटवाले दादा, जमालचा तो तुकडा सापडला, पण 'ह्यूमन नेचर' मी स्वतःहून ओळखलं नव्हतं, लाज वाटली. आता याच्यानंतर नासचा दुसरा अल्बम घेऊ का?

रूझवेल्ट_काकू:
दुसरा १९९६चा, जरा जास्त चकचकीत आहे, त्याला घाई नाही. आधी मॉब डीप या रॅपर जोडीचा 'द इन्फेमस' घे, १९९५चा. त्यातला हॅवॉक त्याच वसाहतीतला. तो मात्र रात्री एकट्याने ऐकू नकोस, आणि परीक्षा असेल तर मुळीच नको.