मुलांना औषधाची ॲलर्जी की औषधातल्या रंगाची? तुमचे अनुभव सांगा

काल कपाट आवरताना लेकीची औषधांची जुनी वही सापडली. पहिल्याच पानावर लाल शाईत 'अमॉक्सिसिलिन नको!' आणि त्यावर नंतर मारलेली काट. ती काट बघून गलबललं एकदम.

तीन वर्षांची होती. गुलाबी औषधाच्या दुसऱ्या चमच्यानंतर पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, पापण्या सुजल्या. सगळ्यांनी अँटिबायोटिकवर खापर फोडलं. दोन वर्षांनी ॲलर्जीच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाटलीत रंग कुठला होता?" त्यांनी समोर बसवून तेच औषध बिनरंगाचं, थोडं थोडं वाढवत दिलं. काही झालं नाही! नुसता रंग देऊन पाहिला तेव्हा तासाभरात गांधी. लाल रंग, कार्मोइसिन, लेबलवरचा नंबर ई १२२.

---

आमच्याकडे पिवळा. टार्ट्राझिन, ई १०२. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत रंग वेगळे असतात हे कळायला चार वेळा अंगावर पित्त उठावं लागलं पोराच्या. आता लेबलचा फोटो काढून मोठा करून वाचते, कुकर लावता लावता सुद्धा.

---

डोळ्यांचे थेंब!! त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायला घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड. थेंब घातले की डोळे जास्तच लाल, आणि आम्ही आणखी थेंब घालतोय. शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या एकेका वेळच्या छोट्या कुप्या मिळाल्या. उघडली की वापरून टाकून द्यायची, उरलेलं ठेवायचं नाही.

---

ताई, वाचून काटा आला. पण एक सांगते, तापात उठलेलं पुरळ पुष्कळदा विषाणूचंच असतं. धाकट्याच्या फाइलवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली, तपासल्यावर निघाली नाही. घरी मात्र कुणी असलं करून बघू नका हं.

---

दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी पावडरच्या इनहेलरमधलं लॅक्टोज डॉक्टरांना विचारा. त्यात दुधाच्या प्रथिनाचा अंश असू शकतो. आम्हाला फार उशिरा कळलं. बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं.

---

आमच्याकडे ॲलर्जी मॅक्रोगॉल उर्फ पीईजी या घटकाची. पोट साफ व्हायच्या पावडरीत, गोळ्यांच्या आवरणात, क्रीममध्ये, दरवेळी नाव वेगळं. मी सगळी नावं कार्डावर लिहून दप्तरात ठेवलीत.

---

कार्डाची कल्पना उचलली! दप्तरावरून आठवलं, चेन कुणाच्या टिकतात? आमची महिन्यात तुटते.

---

टिकत नाहीत गं कुणाच्याच 😄

---

मला एक भीती होती, कुणालाही असेल म्हणून लिहिते. मुलाला सल्फाइट (औषध टिकवायला घालतात ते) चालत नाही आणि ॲलर्जीच्या जोरदार झटक्यात द्यायच्या ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनातही ते असतं. डॉक्टर स्वच्छ म्हणाले, जीवावर बेतलं तर क्षणभरही थांबायचं नाही, इंजेक्शन द्यायचंच. तेवढं सल्फाइट त्याच्या आड येत नाही. त्या रात्री कित्येक महिन्यांनी झोपले.

---

@वरच्या ताई, खूप आभार. हेच विचारायचं धाडस होत नव्हतं मला.

---

सिरप बंद करायचं म्हणून सहा वर्षांच्या लेकाला गोळी गिळायला शिकवतेय. आज पहिल्यांदा गिळली! जीभ बाहेर काढून दाखवली, "बघ, गेली." मग टाळ्या वाजवायला लावल्या घरभर.

---

अरे वा! कशी शिकवलीस ते सविस्तर लिही ना. आमची तोंडातच चघळते, मग थुंकते.