मदत हवी आहे: फॉर्मवर एकूण रक्कम दिसत नाही, ‘#नेम?’ असे येते

सत्तरीवासी
नमस्कार. वाळपईजवळच्या आमच्या काजू खरेदी केंद्राचा हिशेब डेटाबेसमध्ये ठेवलेला आहे. फॉर्मच्या वरच्या भागात शेतकऱ्याचे नाव आणि गाव येते, तर खालच्या तक्त्यात त्याने आणलेल्या बियांची तारीख, वजन, दर आणि रक्कम. ओळीओळीची रक्कम बरोबर दिसते, परंतु वर ‘एकूण देय’ या चौकटीत आकड्याऐवजी ‘#नेम?’ असे येते. उद्या सकाळी दहापासून पैसे द्यायचे आहेत आणि दुपारपासून मी कॅल्क्युलेटरवर बेरजा करतो आहे. सूत्र मी तीनदा तपासले आहे, ते बरोबर आहे. कृपया लवकर सांगावे.

म्हापशाचा हिशेबनीस
सूत्र बरोबर आहे असे आपण म्हणता, पण ते येथे लिहिलेलेच नाही. सॉफ्टवेअर कोणते, आवृत्ती कोणती, आणि खालचा तक्ता हा सबफॉर्म, म्हणजे मुख्य फॉर्मच्या आत बसवलेला दुसरा फॉर्म, आहे का, एवढे कळवावे. ‘#नेम?’ याचा अर्थ सूत्रातील एखादे नाव प्रोग्रामला सापडत नाही असा होतो, त्यामुळे नावे अक्षरशः जशी आहेत तशीच द्यावीत.

मुक्तस्रोत
आपण लिबरऑफिस बेस हा मोफत डेटाबेस प्रोग्राम वापरत असाल, तर फॉर्मवरच्या टेक्स्ट बॉक्सला सूत्र देताच येत नाही, तो फक्त फील्डला, म्हणजे टेबलातील रकान्याला, जोडता येतो. बेरजेसाठी शेतकरी क्रमांकानुसार गट करणारी वेगळी क्वेरी (टेबलातून हवी ती माहिती काढणारी आज्ञा) लिहावी, तिच्यावर छोटा सबफॉर्म बांधावा आणि तो मुख्य फॉर्मशी त्याच क्रमांकाने जोडावा. नवी ओळ भरल्यावर आकडा आपोआप बदलत नाही, म्हणून शेजारी रिफ्रेशचे बटण ठेवावे. आमच्या वाचनालयाची वर्गणी मी अशीच दाखवतो.

डिचोलीकर
एवढ्यासाठी डेटाबेस कशाला हवा? एक्सेलमध्ये ओळी भराव्यात आणि पिव्हट टेबल करावे, पाच मिनिटांत शेतकरीवार बेरीज मिळते. माझ्या दुकानाची उधारी कित्येक वर्षे तशीच चालली आहे.

सत्तरीवासी
मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस २०१०. हे सांगायचे राहिले, कारण केंद्रावर दुसरे काही नाहीच. एक्सेलकडे आता वळता येणार नाही, तीन हंगामांची नोंद यातच आहे. ज्या मुलाने हे करून दिले तो परदेशी गेला. खालचा तक्ता सबफॉर्मच आहे. त्यातल्या ‘रक्कम’ या बॉक्समध्ये =[वजन]*[दर] आहे. त्याच्या फूटरमध्ये, म्हणजे तळपट्टीत, ‘एकूण’ नावाचा बॉक्स असून त्यात =सम([रक्कम]) आहे. वरच्या चौकटीत =[खरेदी तपशील].[फॉर्म]![एकूण] असे लिहिले आहे. फंक्शनांची नावे मी येथे देवनागरीत लिहितो आहे, फॉर्ममध्ये ती इंग्रजीतच आहेत.

म्हापशाचा हिशेबनीस
आता दोन्ही चुका दिसल्या.

पहिली फूटरमध्ये आहे. ‘सम’ हे फंक्शन टेबलातील किंवा क्वेरीतील फील्डची बेरीज करते. फॉर्मवरच हिशेब करून दाखवलेल्या बॉक्सची बेरीज त्याला करता येत नाही, आणि ‘रक्कम’ हा आपला बॉक्स नेमका तसाच आहे. म्हणून तेथे =सम([वजन]*[दर]) असे मूळ गणित पुन्हा लिहावे. हे सूत्र फॉर्म फूटरमध्येच ठेवावे, पेज फूटरमध्ये ते चालत नाही. सबफॉर्म डेटाशीट (नुसत्या ओळी-रकान्यांच्या तक्त्याच्या) स्वरूपात असेल तर फूटर डोळ्यांना दिसत नाही, परंतु त्यातील आकडा तयार होतो आणि वरच्या फॉर्मला तो वाचता येतो.

दुसरी चूक नावाची. वरच्या सूत्रातील पहिल्या कंसात सबफॉर्म ज्या चौकटीत बसवला आहे त्या चौकटीचे नाव हवे. डावीकडच्या यादीत दिसणारे फॉर्मचे नाव ते असेलच असे नाही. डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे फॉर्मची मांडणी बदलता येते त्या दृश्यात, सबफॉर्मच्या कडेवर एकदाच क्लिक करावे, आत क्लिक करू नये, आणि प्रॉपर्टी शीटच्या ‘अदर’ टॅबवर नाव पाहावे. तेथे बहुधा ‘चाइल्ड’ आणि पुढे एखादा आकडा असेल.

मांडवीकाठ
माझे मत वेगळे आहे. खरेदीच्या टेबलातच ‘रक्कम’ हे फील्ड करावे, शेतकऱ्याच्या टेबलात ‘एकूण’ करावे, आणि आकडे तेथेच साठवावेत. मागाहून कोणी विचारले तर त्या दिवसाचा आकडा हाताशी राहतो.

म्हापशाचा हिशेबनीस
मी याच्याशी सहमत नाही. साठवलेली बेरीज वजन दुरुस्त केल्यावर स्वतःहून बदलत नाही, आणि मग एकाच शेतकऱ्याचे दोन आकडे तयार होतात. काजूचा दर हंगामात बदलतो, म्हणून प्रत्येक ओळीत त्या दिवसाचा दर साठवणे आवश्यक आहे, आणि ते येथे झालेले आहे. वजन आणि दर असले की बेरीज केव्हाही काढता येते.

मांडवीकाठ
पण प्रत्यक्ष हातात दिलेली रक्कम ही स्वतंत्र नोंद आहे. ती कोठे जाणार?

म्हापशाचा हिशेबनीस
ते मात्र खरे. दिलेली रक्कम तारखेसह वेगळ्या टेबलात जावी. देय रक्कम काढायची आणि दिलेली रक्कम नोंदवायची, हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

डिचोलीकर
लाखाच्या जागी स्वल्पविराम हवा असेल तर विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारतीय पद्धत निवडावी, मग ॲक्सेस १,२५,००० असे दाखवते.

सत्तरीवासी
चौकटीचे नाव खरोखर ‘चाइल्ड४’ निघाले! दोन्ही सूत्रे बदलली आणि आकडा आला. परंतु आता दुसरीच अडचण आहे. एका शेतकऱ्याच्या दोनच ओळी आहेत, १,६९१.६८ आणि १,१३२.७२. हाताने बेरीज २,८२४.४० होते आणि फॉर्म २,८२४.३९ दाखवतो. पैसाच आहे, पण समोर बसलेला माणूस तो मोजतो, आणि आमच्या काट्यावरचा विश्वास त्यावरच टिकतो. शिवाय ज्याच्या ओळी अजून भरायच्या आहेत, त्याची चौकट रिकामीच राहते.

म्हापशाचा हिशेबनीस
वजन आणि दर काय आहेत?

सत्तरीवासी
१२.३४८ किलो आणि ८.२६८ किलो, दोन्हींचा दर १३७ रुपये.

म्हापशाचा हिशेबनीस
म्हणजे खऱ्या रकमा १,६९१.६७६ आणि १,१३२.७१६ आहेत. फॉर्म त्या दोन दशांश स्थळांपर्यंत फक्त दाखवतो, बेरीज मात्र पूर्ण आकड्यांची करतो. ती २,८२४.३९२ येते आणि २,८२४.३९ अशी दिसते. शेतकऱ्याला ओळींमधील रकमा दिसतात, म्हणून एकूण रक्कम त्यांचीच असली पाहिजे. ओळीत =राउंड([वजन]*[दर],२) आणि फूटरमध्ये =सम(राउंड([वजन]*[दर],२)) असे लिहावे, सूत्रातील अंक इंग्रजीत टाइप करावेत. रिकाम्या चौकटीसाठी फूटरचे संपूर्ण सूत्र ‘एनझेड’ या, किंमत नसेल तेथे दुसरी किंमत देणाऱ्या, फंक्शनमध्ये गुंडाळावे आणि दुसरी किंमत शून्य द्यावी.

मुक्तस्रोत
उद्या घाईत नवी ओळ भरताना लक्षात ठेवावे की ओळ सेव्ह होईपर्यंत ॲक्सेसची बेरीजही बदलत नाही. त्याच ओळीवर राहून शिफ्ट-एंटर दाबले की ती सेव्ह होते.

सत्तरीवासी
२,८२४.४० आले. रिकाम्या चौकटीत आता शून्य दिसते. शिफ्ट-एंटरची सूचना कागदावर लिहून संगणकाला चिकटवली आहे, कारण सकाळी नोंदी माझी बहीण करणार आहे. सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करू. दिलेल्या रकमांचे वेगळे टेबल मी रविवारी करायला घेतो, तेव्हा याच धाग्यावर विचारीन.